पेनवाल्यांच्या बैठकीत शिकलेलं फील्डवर्क



पेटची तयारी करणारे किंवा नुकतंच कोर्सवर्क सुरू झालेले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "ताई, फील्डवर्क म्हणजे नेमकं करायचं काय? प्रश्नावली छापायची, पन्नास जणांकडून भरून घ्यायची, टक्केवारी काढायची, झालं?" प्रश्नावली वाईट नाही. पण माणसांमध्ये बसायचं कसं, ऐकायचं कसं आणि ऐकलेलं तपासायचं कसं, हे ती शिकवत नाही.

म्हणून आज एक छोटं उदाहरण घेऊ या: फाउंटन पेन जमवणाऱ्यांची बैठक. हा माझ्या पीएचडीचा विषय नाही. पण मला जेवढं फील्डवर्क येतं, त्यातलं निम्मं मी इथे शिकले. आणि एक मोठी चूकही इथेच केली. तीही सांगणार आहे, कारण सिनॉप्सिसमध्ये अशा चुकांसाठी कुठेच जागा नसते.

बैठकीत होतं काय?

आमच्या जालन्यात आठ-दहा जण महिन्यातल्या एका रविवारी नव्या जालन्यात एकाच्या घरी जमतात. क्लब म्हणायचं तर म्हणा. नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. निवृत्त मास्तर आहेत, बँकेतले एक साहेब आहेत, एक जण बियाण्यांच्या कंपनीत आहे, एक मेडिकलवाले आहेत आणि इंजिनिअरिंगचा एक मुलगा आहे. टेबलावर जुनी चादर अंथरतात, आपापले पेन काढून ठेवतात, चहा येतो आणि मग दोन-तीन तास कसे जातात कळत नाही.

बाहेरून पाहिलं तर या नुसत्या गप्पा वाटतात. पण नीट बघितलं की नियम दिसायला लागतात. दुसऱ्याचा पेन विचारल्याशिवाय उचलायचा नाही. टोपण फिरवून निघतं की ओढून, हे आधी विचारायचं. निब कागदावर दाबायची नाही, कारण तिच्या दोन पात्या एकदा फाकल्या की पुन्हा जुळवणं अवघड जातं. परत देताना निब टिपून द्यायची. किंमत चारचौघांत विचारायची नाही. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत. नवा माणूस चुकला की सगळे क्षणभर गप्प होतात, आणि त्या शांततेतून तो नियम शिकतो. तुमच्या टिपणवहीत पहिली नोंद हीच करायची: लोक कशावर गप्प झाले?

अशा भेटी फक्त आपल्याकडेच होतात असं नाही. पुण्या-मुंबईत पेनप्रेमी एकत्र येतात. शिकागो, वॉशिंग्टन, लंडन इथे मोठे पेन शो भरतात. २०१२ पासून नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार जगभर 'फाउंटन पेन डे' म्हणून पाळला जातो.

समाजशास्त्रात याला नाव आहे. रॉबर्ट स्टेबिन्स या अभ्यासकाने १९८२ साली 'गंभीर फावला वेळ' ही कल्पना मांडली. टीव्ही बघणं हा साधा फावला वेळ. पण जिथे माणूस पोटापाण्यासाठी नव्हे तर आवडीसाठी वर्षानुवर्षं कष्ट घेतो, कौशल्य कमावतो, ज्याला स्वतःचे गुरू-शिष्य आणि स्वतःची भाषा असते, तो गंभीर फावला वेळ. गिर्यारोहक, हौशी नट, पक्षी बघणारे आणि पेनवाले सगळे यात येतात. हे नाव माहीत असण्याचा फायदा असा की आरआरसीसमोर "हा काय विषय झाला का?" असं कोणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असतं.

पेन वाचायचा कसा?

आता मुद्द्याकडे. या बैठकीत ज्ञान कसं तयार होतं? एक जण दावा करतो, बाकीचे तो तपासतात. उदाहरण बघा.

समजा कोणी म्हणालं, "हा पार्कर ५१ आहे, १९४३ चा." पार्कर ५१ हे मॉडेल १९४१ साली बाजारात आलं, म्हणजे साल शक्य आहे. पण जाणकार लगेच मागचा भाग उघडतो. १९४८ पर्यंत या पेनात शाई भरायला मागच्या टोकाला दाबायचा पंप होता. त्यानंतर धातूच्या नळीत बसवलेली, बोटाने दाबायची रबरी थैलीसारखी रचना आली. आत ती दुसरी रचना दिसली, की १९४३ बाद. कोणाच्या मोठेपणाचा प्रश्नच नाही, पेन स्वतःच साक्ष देतो.

पदार्थही बोलतो. जुने काळे पेन बरेचदा एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे असतात. उन्हाने आणि ओलाव्याने ते वरून तपकिरी पडत जातात. टोपणाखालचा भाग काळाच राहतो आणि बाहेरचा उडतो, त्यावरून तो पेन उजेडात किती राहिला याचा अंदाज येतो. नळी एका पेनाची, निब दुसऱ्याची असंही सर्रास दिसतं. दुरुस्तीवाल्याने हाताशी असेल ती निब बसवलेली असते. तेव्हा निबेवरचं नाव बघून अख्ख्या पेनाचं वय ठरवायचं नाही.

आणखी एक गंमत. आमच्यातले मास्तर म्हणतात, "ड्रॉपरने भरायचा पेन शाई कमी झाली की जास्त ओकतो." सांगोवांगी वाटतं, नाही? पण तपासता येतं. अशा पेनाची अख्खी नळीच शाईची टाकी असते. शाई संपत जाते तशी तिच्या जागी हवा येते. तापमान १० अंशांनी वाढलं की हवा साधारण ३ टक्क्यांनी फुगते. नळीत २ मिलिलीटर हवा असेल तर ती ०.०६ मिलिलीटरहून जास्त शाई पुढे ढकलते. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलीटरचा असतो. म्हणजे वहीवर एक डाग नक्की. भरलेल्या पेनात हवाच थोडी, म्हणून तो शहाण्यासारखा वागतो. मास्तर बरोबर होते.

पण त्याच दिवशी दुसरे एक जण म्हणाले, "हाताच्या उष्णतेने उन्हाळ्यात जास्त गळतो." इथे थांबा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतलं तापमान चाळिशी पार करतं. तळहात त्याहून थंडच असतो. मग हात हवा तापवेल कशी? हाताची उब जास्त जाणवणार ती थंडीच्या सकाळी. उन्हाळ्यात पेन ओकत असेल तर तो बहुधा गार खोलीतून उन्हात नेल्यावर. एकाच टेबलावरचे दोन दावे, दोन्ही अनुभवातून आलेले. एक जसाच्या तसा टिकतो, दुसऱ्यातलं निरीक्षण कदाचित खरं पण कारण चुकीचं. निरीक्षण आणि कारण वेगळं करणं ही संशोधनातली पहिली पायरी, आणि ती चहाच्या टेबलावरही चढता येते.

माझी चूक

हे सगळं शिकून मी जरा शेफारले. चौथी-पाचवी बैठक असेल. एक काका पहिल्यांदाच आले होते, ऐंशीच्या आसपासचे. वडील निजामाच्या काळात वकील, कागदपत्रं सगळी उर्दूत. काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला पेन काढला आणि सांगितलं, "१७ सप्टेंबर १९४८. हैदराबाद शरण आलं ती बातमी रेडिओवर ऐकली आणि बापूंनी या पेनाने पहिल्यांदा मराठीत सही केली. तोपर्यंत सही उर्दूत असायची."

सगळे गप्प. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला १७ सप्टेंबर काय आहे हे सांगावं लागत नाही. पेन फिरत फिरत माझ्याकडे आला. पार्कर ४५ होता. आणि मी, टिपणवही हातात, म्हणाले, "काका, हा १९४८ चा नसणार. हे मॉडेल १९६० मध्ये आलं."

माहिती शंभर टक्के बरोबर होती. काका काही बोलले नाहीत. पेन रुमालात गुंडाळला, खिशात ठेवला, चहा तसाच सोडून थोड्या वेळाने उठले. पुढच्या दोन बैठकींना ते आले नाहीत. यजमान मला नंतर एवढंच म्हणाले, "पोरी, पेन बघितलास, माणूस बघायचा राहिला."

त्या रात्री मी टिपणवहीत लिहिलेलं वाक्य अजून आहे: 'दावा खोटा.' आज ते वाचताना लाज वाटते. वाईट वागले म्हणून तर वाटतेच, पण संशोधन म्हणूनही ते वाक्य कच्चं होतं. पेन १९४८ चा नाही, एवढंच सिद्ध झालं होतं. सही झाली नाही, हे कुठे सिद्ध झालं होतं?

चुकीची तारीख हाही पुरावाच

नंतर मला गाइड मॅडमनी एक पुस्तक वाचायला दिलं. इटलीतले मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचं, १९९१ साली इंग्रजीत आलेलं. त्यातला एक लेख तेर्नी या गावाबद्दल आहे. तेर्नी पोलाद कारखान्यांचं गाव, आपल्या जालन्यासारखंच. १७ मार्च १९४९ रोजी, इटलीने नाटो करारात सामील होण्याविरुद्ध कामगार रस्त्यावर आले तेव्हा पोलिसांच्या कारवाईत लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार मेला. तारीख कागदोपत्री पक्की आहे. पण अनेक वर्षांनी पोर्तेल्लींनी गावातल्या लोकांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा कित्येकांनी ठामपणे सांगितलं की तो १९५३ मध्ये मेला, कामगारांना मोठ्या संख्येने कामावरून काढलं त्या लढ्यात.

आता माझ्यासारख्या उतावळ्या माणसाने लिहिलं असतं: 'माहिती देणाऱ्यांची स्मरणशक्ती अविश्वसनीय.' पोर्तेल्लींनी वेगळा प्रश्न विचारला. इतके जण एकाच दिशेने का चुकतात? त्यांचं उत्तर असं की गावाच्या दृष्टीने आयुष्य बदलणारी घटना होती ती १९५३ ची कपात. आपला माणूस मेला तो एवढ्या मोठ्या कारणासाठी मेला असावा, असं स्मृतीने ठरवलं. तारीख चुकली, पण गावाला काय महत्त्वाचं होतं ते त्या चुकीतून कळलं. कागदावरून ते कधीच कळलं नसतं.

हे वाचल्यावर मी काकांच्या घरी गेले. पेनाबद्दल बोलायला नाही, माफी मागायला. त्यांनी बसवलं, चहा दिला. दुसऱ्या भेटीत ते स्वतःहून बोलले. मॅट्रिक पास झाल्यावर वडिलांनी त्यांना तो पेन दिला होता. साठचं दशक. देताना वडिलांनी शेजारी बसवून १९४८ ची, सहीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. "तेव्हा पेन हातात होता आणि गोष्ट कानात," काका म्हणाले. "दोन्ही एकच झालं असेल गं."

मग त्यांनी पेटी उघडली. वडिलांचे जुने कागद. वर उर्दूतल्या सह्या, खाली मराठीतल्या. मराठी सही सुरुवातीला थरथरती, शिकाऊ मुलासारखी, मग हळूहळू वळणदार. पेनापेक्षा कितीतरी मोठा पुरावा त्या घरात पडून होता. मी पेनावरच अडून बसले असते तर तो कधीच दिसला नसता.

१९८६ साली अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या एका प्रसिद्ध ग्रंथात इगॉर कोपिटॉफ यांचा लेख आहे. त्यांचं म्हणणं, वस्तूंनाही माणसांसारखं चरित्र असतं. ती दुकानात माल असते, मग कोणाची तरी भेट होते, मग आठवण होते, कधी पुन्हा माल होऊन बाजारात येते. काकांचा पेन माल म्हणून १९६० नंतरचा. आठवण म्हणून त्याचं चरित्र १९४८ पासून सुरू होतं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, आणि दोन्ही लिहून ठेवणं हे संशोधकाचं काम.

टेबलावर कोण नाही?

आता एक अवघड गोष्ट. या बैठकीत मी बहुतेक वेळा एकटी बाई असते. टेबलावर येणारे पेन वकिलांचे, मास्तरांचे, व्यापाऱ्यांचे, सरकारी नोकरांचे. फक्त यावरून मी 'जालन्यातली लेखनसंस्कृती' असा प्रबंध लिहिला तर तो लंगडा होईल. कारण टिकून राहिलेला, जपलेला आणि अभिमानाने दाखवलेला पेनच इथे येतो. हरवलेले, मोडलेले, विकलेले येत नाहीत. ज्यांच्याकडे पेन नव्हताच, ते तर येतच नाहीत.

माझ्या आजीने आयुष्यभर अंगठा दिला. शाईशी तिचा संबंध तलाठ्याच्या स्टॅम्पपॅडपुरता. तिची गोष्ट या टेबलावर कधी येणार नाही, पण जिल्ह्यातल्या लेखनाच्या इतिहासात ती असायलाच हवी.

उलट बाजूही बघा. बाबासाहेबांना पेनांची फार आवड होती हे सर्वश्रुत आहे. त्यांना अभिवादन करताना हारफुलांऐवजी 'एक वही, एक पेन' द्या, हा उपक्रम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतो. तिथला पेन पाच-दहा रुपयांचा बॉलपेन असतो. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत शून्य. पण पेन खिशाला लावण्याचा हक्क ज्यांना पिढ्यान्पिढ्या नव्हता, त्यांच्यासाठी त्याचा अर्थ पार्करपेक्षा मोठा आहे. एकच वस्तू, दोन जगं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'नमुना निवड' या मथळ्याखाली तुम्ही जे दोन परिच्छेद लिहिता ना, त्यामागे खरा प्रश्न हा असतो: माझ्या टेबलावर कोण आलंच नाही?

छंदातून संशोधनप्रश्न कसा निघतो?

'फाउंटन पेन संग्राहकांचा अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा असतो की ज्याचं उत्तर चुकू शकतं. उदाहरणार्थ: जालन्यातल्या घरांतले जुने पेन मुंबईकडून आले की हैदराबादकडून?

हा प्रश्न हवेतला नाही. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होतं. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास जालन्यावरून गेला. म्हणजे शहर दोन बाजारपेठांच्या मधोमध. मुंबईत १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या बंधूंनी शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून धंदा सुरू केला, तीच पुढे कॅमलची शाई. खाली राजमहेंद्रीत के. व्ही. रत्नम यांनी १९३० च्या दशकात, गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून, हाताने पेन बनवायला घेतले. कुठला माल कोणत्या गाडीने आला, हे डब्यावरच्या दुकानाच्या चिठ्ठीवरून, पावतीवरून, निबेवरच्या नावावरून तपासता येतं. आणि उत्तर '१९४८ नंतर बदललं का' असा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. बघा, चहाच्या टेबलावरून आपण प्रादेशिक अर्थव्यवस्थेपर्यंत आलो.

तुमच्यासाठी सराव

सिनॉप्सिस लिहायच्या आधी एवढं करून बघा.

१. तुमच्या गावात हौशी लोकांचा एखादा अड्डा शोधा. पेनच हवेत असं नाही. जुनी नाणी, कबुतरं, भजनी मंडळ, काहीही चालेल.

२. पहिल्या दोन भेटींत काही विचारू नका. तुम्ही कोण आणि का आलात ते मात्र आधी स्पष्ट सांगा. फोटो आणि रेकॉर्डिंग परवानगीशिवाय नाही. लिहिताना नावं बदला.

३. टिपणवहीच्या पानावर तीन रकाने पाडा: 'वस्तू काय सांगते', 'माणूस काय सांगतो', 'मला अजून काय माहीत नाही'. पहिले दोन जुळले नाहीत तर खोडू नका. तिसऱ्यात प्रश्न लिहा.

४. चूक सापडली तर चारचौघांत बोलू नका. एकट्यात, वेळ बघून, प्रश्न म्हणून विचारा. "हा पेन तुमच्याकडे कसा आला?" हे "हा १९४८ चा नाही" पेक्षा नेहमीच जास्त माहिती देतं.

५. शेवटी लिहा: इथे कोण नव्हतं, आणि का?

घाई करा, असं मात्र मी नक्की सांगेन. ज्यांच्या हाताला निजामाच्या काळातली शाई लागली होती, ती माणसं आता फार थोडी उरलीत. घरं आवरताना पेन भंगारात जातात आणि उर्दू कुणाला वाचता येत नाही म्हणून कागद रद्दीत जातात.

काका आता पुन्हा बैठकीला येतात. मागच्या वेळी त्यांनी तोच पेन नव्या मुलाच्या हातात दिला आणि गोष्ट सांगितली. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "पेन साठनंतरचा आहे बरं का, या मॅडमना विचारा." सगळे हसले. मग पुढे म्हणाले, "सही मात्र अठ्ठेचाळीसचीच."

माझ्या वहीत आता दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी लिहिलेल्या आहेत.